रंग न धरलेली जागा

तिचं नाव ओगुलगेरेक.
अर्थ: मुलगा हवा.
चौथीही मुलगीच झाली, तेव्हा ठेवलेलं.
नकोशीचं पाळण्यातलं नाव, दुसरं काय.
डॉक्टर तेहरानचे, त्यांना तुर्कमेनी कळत नाही,
म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे.
तशी मी नळ्या धुणारी.

गोंबदच्या आसपास कुठल्याही गावात विचारा,
क्रम सगळ्यांना पाठ आहे:
आधी नान अडतो,
मग भात, मग दही,
मग चहा.
मग माणूस भिंतीकडे तोंड करून निजतो.
तिचा नवरा असाच गेला. आणि एक जाऊ,
जी कधी उलटून बोलली नाही,
सगळं गिळून घ्यायची.

"माझा तर घास अडत नाही," ती म्हणाली,
"मग बोलावलंत कशाला?"
डॉक्टर म्हणाले, सांगा त्यांना, हा कॅन्सर नाही.
त्याच्या अलीकडचं आहे.

अलीकडचं.
आमच्या बोलीत त्या आजाराला शब्द आहे,
त्याच्या अलीकडच्या जागेला नाही.
नाव ठेवायला तिथे कधी कुणी थांबलंच नव्हतं.
मी म्हटलं, एजे,
पाहुणा दारात आलाय,
अजून घोड्यावरून उतरलेला नाही.
"उतरू देऊ नका," ती म्हणाली
आणि सहीच्या जागी अंगठा उठवला.

त्याआधी फोटो मागून घेतला होता तिने.
आयोडीन फवारलेलं अस्तर, सगळीकडे खारकेसारखं तपकिरी,
आणि दातांपासून एकोणतीस सेंटीमीटरवर
एक फिकट डाग, कोराच राहिलेला.
अठ्ठेचाळीस वर्षं मंजिष्ठात आणि डाळिंबाच्या सालीत
लोकर बुडवणारी बाई ती.
फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.
"इथली लोकर आतून बिघडलीय," म्हणाली,
"चांगली लोकर रंगाला नाही म्हणत नाही."
मी जसंच्या तसं सांगितलं.
डॉक्टर हसले नाहीत. बरोबर आहे, म्हणाले.

डावी कूस. दातांत प्लॅस्टिकची कडी.
पेंगलेल्या डोळ्यांनी तिने माझा हात धरला,
बोटांना गाठी मारून मारून आलेले घट्टे.
पडद्यावर डागाभोवती ठिपके, कशिद्याआधी आखतात तसे.
अस्तराखाली सुई, पाणी,
तव्यावर पोळी फुगावी तसा डाग वर आला.
तारेचा फास. आवळला.
जरासा धूर.
रक्ताचा एक थेंब डोकावला, तो तिथेच दाबला.

बावीस मिनिटं.
तिच्या दिराला मशहदला नेऊन छाती उघडली होती,
टाके निघायच्या आत तो गेला.

तुकडा मी बुचावर ताणून टाचला, अकरा टाचण्या.
शुद्धीवर आल्यावर तिने पाहायला मागितला.
अंगठ्याच्या नखाएवढा.
"एवढंच?"
मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
"एवढ्यासाठी गेला तो?"
हे मी फारसीत सांगितलं नाही.

कडा स्वच्छ निघाल्या, कागद आला.
तीन महिन्यांनी पुन्हा नळी, पुन्हा आयोडीन,
मग वर्षाने, मग... डॉक्टर बोटं मोजत होते.
आणि चहा निवू द्या, म्हणाले. कढत नको.
"गार चहा?" तिला पहिल्यांदाच हसू फुटलं.
"गार चहा म्हणजे पाहुण्याला सांगणं, आता निघा."
थोडं थांबून,
"बरं. त्यालाच पाजते."

संध्याकाळी मी नळी धुते.
ब्रश एका टोकातून घालते, दुसऱ्यातून निघतो,
पाणी नितळ येईपर्यंत.
कोपऱ्यात माझा पेला, वाफाळता.
माझे वडीलही भिंतीकडेच तोंड करून निजले होते.
पेला उचलते. ओठांपर्यंत नेते. खाली ठेवते.
ओगुलगेरेक आता म्हणे मधल्या वेळात
गालिच्याच्या दोन ओळी विणून घेते.

चहा निवेपर्यंत काय करायचं असतं,
मला कुणी शिकवलेलं नाही.